वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावर नेलं आणि खालच्या बाथरूममधून फेस येऊ लागला

"अगं, आला गं परत!"

ही आरोळी आमच्या घरात दीड महिना एक दिवसाआड ऐकू येत होती. सासूबाई खाली, मी वर. वर मशीन पाणी सोडायचं आणि मिनिटभरात खालच्या बाथरूमच्या जाळीतून पांढराशुभ्र, सुवासिक फेस वर यायचा. पाणी नाही, नुसता फेस. थांबवला नाही तर उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये. सासूबाईंनी त्यासाठी एक जुना टॉवेल बाथरूमच्या दारातच ठेवून दिला होता.

त्याच काळात आणखी दोन दुखणी लागली. दर शुक्रवारी सकाळी मशीन पाणी येत नाही म्हणून अडायचं, आणि पुढे स्वयंपाकघराच्या छताला पिवळट डाग धरला. तिन्ही वेळा मशीनवर संशय घेतला. तिन्ही वेळा मशीन निर्दोष निघालं. कंपनीचा माणूस येऊन पाणी घेणारा व्हॉल्व्ह बदलून गेला, पैसे घेऊन गेला, आणि पुढच्या शुक्रवारी मशीन पुन्हा तिथेच थांबलं.

ज्यांनी मशीन नुकतंच वर नेलंय किंवा न्यायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आधी घराची मांडणी

पुण्यातलं रो-हाऊस. तळमजला, पहिला मजला, गच्ची. गच्चीवर विटांच्या अडीच फुटी कट्ट्यावर हजार लिटरची टाकी. मशीन बारा वर्षं मागच्या अंगणात पत्र्याखाली होतं. त्याची सांडपाण्याची नळी मोरीच्या कठड्यावरून आत सोडलेली, पाणी मोरीत, मोरीतून सरळ गली ट्रॅपमध्ये (वास अडवायला बुडाशी पाणी धरून ठेवणारा अंगणातला सांडपाण्याचा खड्डा), तिथून चेंबरला. बारा वर्षांत त्या नळीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

कपडे मात्र वाळत घालायचे गच्चीवर. ओल्या चादरींची बादली घेऊन दोन जिने चढताना माझी कंबर धरली तेव्हा ठरलं, मशीन पहिल्या मजल्याच्या मागच्या बाल्कनीत न्यायचं. एक जिना तरी वाचेल.

प्लंबरनं अर्ध्या दिवसात काम उरकलं. शेजारच्या बाथरूमच्या लाईनीला टी मारून मशीनसाठी अँगल कॉक (नळी जोडायचा छोटा नळ) काढला. सांडपाण्यासाठी दीड इंची पाईप भिंतीतून पलीकडे नेऊन बाथरूमच्या उभ्या पाईपला जोडला. "खाली होतं तस्संच वर दिलंय ताई," म्हणाला. गोम तिथेच होती. मशीन एक मजला वर गेलं की नळाच्या पाण्याचा जोर कमी होतो आणि सांडपाण्याचा वाढतो. खाली जे आपोआप जमून गेलं होतं ते वर जमेल असं नाही.

फेस: पाईप तुंबलाय की हवा अडलीय?

जाळीतून काहीतरी वर आलं की सगळे एकच म्हणतात, पाईप तुंबला. आम्हीही तेच म्हटलं. प्लंबरनं दोनदा स्प्रिंग मारली. केसांचा एक गोळा निघाला, तेवढ्यापुरतं समाधान झालं, फेस तसाच. मग नवऱ्यानं दुकानातून ॲसिडची बाटली आणून ओतली. हे करू नका. जोडांतले रबरी रिंग खराब होतात, फरशीचे सांधे खाल्ले जातात, आणि कपड्यांच्या ब्लीचचं पाणी त्याच पाईपमध्ये असेल तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. आमच्याकडे फक्त फरशीवर डाग पडला, तेवढ्यावर निभावलं.

खरा शोध साध्या बादलीनं लागला. वरच्या बाल्कनीतल्या पाईपमध्ये २० लिटर साधं पाणी एकदम ओतलं. खाली सासूबाई जाळी काढून, मोबाईलची बॅटरी लावून ट्रॅपमध्ये बघत बसल्या होत्या. पाईप तुंबलेला असता तर ट्रॅपमधलं पाणी हळूहळू चढत आलं असतं आणि बाहेर पडलं असतं. तसं झालं नाही. "अगं, पाणी उड्या मारतंय," त्या खालून म्हणाल्या. ट्रॅपमधली पातळी इंच-दीड इंच वर जायची, खाली यायची, मधेच गुडगुड करून एखादा बुडबुडा फुटायचा. म्हणजे पाण्याला वाट होती. अडली होती ती हवा.

होतं ते असं. मशीनचा पंप पाणी ओघळवत नाही, फेकतो. आमच्या मशीनची नळी मी १५ लिटरच्या बादलीत धरून पाहिली, पाऊण मिनिटात बादली भरली. म्हणजे मिनिटाला २० लिटर. हे पाणी दीड इंची पाईप जवळजवळ पूर्ण भरून दहा फूट खाली कोसळतं आणि पुढची हवा ढकलत नेतं. त्यात साबण असेल तर वाटेत घुसळून त्याचा फेस होतो. उभा पाईप जिथे जमिनीलगत काटकोनात वळतो तिथे पाण्याचा वेग एकदम मोडतो. पाणी जड, ते पुढे निघून जातं. फेस आणि दाबलेली हवा मागे साचते आणि जवळचं उघडं तोंड शोधते. आमच्या घरात ते तोंड म्हणजे खालच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा ट्रॅप), त्या वळणापासून जेमतेम दोन फुटांवर. ट्रॅपमध्ये वास अडवायला दोन इंच पाणी असतं, तेवढं बाजूला सारून फेस वर यायला फार जोर लागत नाही.

मशीन अंगणात असताना हे होत नव्हतं, कारण पाणी उघड्या मोरीत पडत होतं. फेसाला पसरायला अख्खं अंगण होतं.

मग प्रश्न आला, हवेनं जायचं कुठून? त्यासाठीच उभा पाईप गच्चीच्या वरपर्यंत नेऊन त्यावर जाळीची टोपी बसवतात. आमचाही नेलेला होता. गच्चीवर गेले तर पाईपच्या तोंडावर सिमेंटची रिकामी पिशवी, वर सुतळीचे तीन वेढे. दोन वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा पाईपमध्ये माल पडू नये म्हणून कामगारांनी बांधली होती. काम संपलं, माणसं गेली, पिशवी राहिली. दोन वर्षं कुणाला कळलं नाही, कारण बाथरूमचं पाणी थोडं थोडं जातं. मशीननं एका दमात सोडायला सुरुवात केली आणि बिंग फुटलं.

पिशवी सोडली त्या दिवशी गुडगुड थांबली. फेस निम्म्यावर आला. पूर्ण गेला नाही.

पुढचा भाग पावडरीचा. आम्ही हातानं धुण्याची पावडर वापरत होतो, खाली चालत होती म्हणून. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी कमी आणि आपटणं जास्त, त्यामुळे तीच पावडर तिथे कितीतरी जास्त फेसाळते. शिवाय धरणाचं पाणी हलकं, त्यात साबण पटकन उतरतो. बोअरचं जड पाणी असेल तर फेस कमी दिसतो आणि आपण पावडर वाढवत जातो. कमी फेसाची मशीनची पावडर आणली आणि मोजून, पाकिटावरच्या मापाच्या खालच्या बाजूला राहून घातली. तुमच्याकडे फेस पावडरीचा आहे का पाहायचं असेल तर मशीन एकदा कपडे आणि साबण न घालता नुसतं खंगाळणे-पिळणे यावर चालवा. पहिल्या वेळी तरीही फेस दिसला तर तो जुन्या साबणाचा, ड्रमच्या मागे साठलेला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जाळी शांत राहिली तर पावडर हा तुमचा मोठा गुन्हेगार. साध्या पाण्यालाही ट्रॅप उड्या मारत असेल तर पाईप पाहा.

शेवटी पाईपच बदलला. मशीनला बाथरूमच्या लाईनीतून सोडवलं आणि बाहेरच्या भिंतीवरून ७५ मिलिमीटरचा स्वतंत्र एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीचा पीव्हीसी) पाईप थेट अंगणातल्या गली ट्रॅपपर्यंत आणला. बाथरूमशी संबंधच ठेवला नाही. तळाशी काटकोनी एल्बो न लावता ४५ अंशांचे दोन बेंड लावले, म्हणजे पाणी आपटत नाही, घसरत जातं. वळणाआधी दाराचा टी (उघडून साफ करता येणारं झाकण असलेला जोड) ठेवला, उद्या काही अडकलं तर तोडफोड नको. पाईपचं वरचं टोक गच्चीपर्यंत नेऊन जाळीची टोपी घातली. आडव्या तुकड्याला प्लंबर लोकांचं जुनं माप आहे, फुटाला पाव इंच उतार. आमचा चार फुटांचा तुकडा होता, त्याला इंचभर उतार दिला आणि लेव्हल लावून बघितला. प्लंबर डोळ्यानं "बरोबर आहे" म्हणाला होता, लेव्हलचा बुडबुडा उलट्या बाजूला होता.

त्यानंतर टॉवेल धुऊन कपाटात गेला.

मधल्या काळात आम्हीच ओढवून घेतलेलं एक दुखणं

फेसावर उपाय म्हणून प्लंबरनं सुरुवातीला एक उद्योग केला होता. मशीनची नळी पाईपमध्ये दोन फूट खाली सारली आणि भोवतीची फट एम-सील लावून बंद केली. वरच्या बाल्कनीत वास येत होता, तो थांबेल म्हणून. वास थांबला, पण तासाभराचं धुणं अडीच तास चालू लागलं. मशीन पाणी भरतंय, भरतंय, आणि पातळी काही चढत नाही. मीटरवाले असतो तर बिल पाहूनच कळलं असतं.

कान लावला तेव्हा उलगडलं. मशीन पाणी घेत असताना सांडपाण्याच्या पाईपमधूनही बारीक धार पडल्याचा आवाज येत होता. पिंपातून तेल काढताना नळीनं एकदा ओढून दिलं की तेल आपोआप येत राहतं, तसंच. नळीचं टोक ड्रममधल्या पाण्याच्या पातळीच्या खाली गेलं आणि भोवती हवा शिरायला फट राहिली नाही, की पंप बंद असला तरी पाणी ओढलं जातं. मशीन वरून भरतं, खालून गळतं.

याला उपाय फुकटचा आहे. नळीचं वळण जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरच्या मध्ये ठेवायचं (नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो), टोक पाईपमध्ये १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त घालायचं नाही, आणि फट बंद करायची नाही. ती फट हवेसाठीच असते. वास येत असेल तर त्यावर उपाय एम-सील नव्हे, ट्रॅप. आता आमच्याकडे भिंतीला क्लॅम्प मारलेला दोन इंची उभा पाईप आहे, अडीच फूट उंच, बुडाशी पी-ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारं वळण), आणि तो पुढे ७५ च्या लाईनीला जोडलाय. नळी वरून सैल सोडलेली, सुटू नये म्हणून एका प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेली.

नळी खूप उंच टांगणंही बरोबर नाही. शंभर सेंटिमीटरच्या वर गेली की पंपाला पाणी वर चढवताना धाप लागते, थोडं पाणी दर वेळी परत येतं, आणि मशीन पाणी निघत नाही अशी खूण दाखवतं.

शुक्रवारचं कोडं

पाणी घेण्याच्या तक्रारीची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी. एलजीवर आयई, सॅमसंगवर ४सी किंवा ४ई, बॉशवर ई१७. पाणी न निघण्याची अनुक्रमे ओई, ५सी किंवा ५ई, ई१८. यांतली पहिली जात आमच्या मशीनवर फक्त शुक्रवारी सकाळी उमटायची.

शुक्रवारच का, हे लक्षात यायला मला पाच आठवडे लागले, आणि मी पुणेकर आहे! देखभालीच्या कामासाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी. म्हणजे गुरुवारी घरात टाकीवरच भागवायचं, शुक्रवारी सकाळी टाकी तळाला.

आता गणित पाहा, सोपं आहे. पाण्याच्या दर दहा फूट उंचीला साधारण ०.३ बार दाब मिळतो. टाकीचा तळ जमिनीपासून साडेतेवीस फुटांवर. मशीन अंगणात होतं तेव्हा त्याचा नळ साडेतीन फुटांवर; मध्ये वीस फूट, म्हणजे ०.६ बार. टाकी रिकामी व्हायला आली तरी ०.६. मशीन वर आलं, नळ चौदा फुटांवर गेला. उरले साडेनऊ फूट. टाकी भरलेली असताना आतल्या चार फूट पाण्याचा हातभार लागून ०.४ बार, टाकी तळाला गेली की ०.३ च्याही खाली. पाईपच्या वळणांत जाणारा दाब वेगळाच. आणि आमच्या मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब लिहिलाय ०.३ बार. काही मशीनना ०.५ लागतो. हा आकडा मशीन हलवायच्या आधी बघायचा असतो. आम्ही सगळं उरकल्यावर बघितला.

पण नुसता दाब कमी असता तर टाकी भरल्यावर मशीन लगेच सुरळीत व्हायला हवं होतं. तसं व्हायचं नाही, शुक्रवारी दुपारपर्यंत रडतखडत चालायचं. म्हणून तीन ठिकाणी मोजलं. एक लिटरचं माप घेतलं आणि घड्याळ. बाथरूमचा नळ: १० सेकंद. मशीनचा अँगल कॉक, नळी काढून: ३५ सेकंद. एकाच लाईनीवर एवढा फरक! कॉक पूर्ण उघडा होता.

लाईन कशी नेलीय ते पाहिलं तर बाथरूममधून निघालेला फाटा दाराच्या चौकटीवरून वर चढून, बाल्कनीत खाली उतरला होता. उलटा यू. टाकी तळाला गेली की लाईनीत हवा शिरते, आणि नंतर टाकी भरली तरी ती हवा या यूच्या माथ्यावर अडून बसते. जोर असता तर पाण्यानं तिला ढकलून दिलं असतं. ०.३ बारमध्ये तेवढा दम नाही. खालच्या मजल्यावर अशी वळणं खपून जातात, वर नाही.

तात्पुरता उपाय: मशीनची नळी कॉकवरून सोडायची, खाली बादली धरायची, कॉक पूर्ण उघडायचा आणि हवा फुसफुस करून निघून जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्यायचं. कायमचा उपाय म्हणून टाकीपासून मशीनसाठी पाऊण इंची वेगळी लाईन टाकली, टाकीपासून मशीनपर्यंत उतरत येणारी, मध्ये कुठेही वर न चढणारी. टाकीतून ती निघते तिथे एक उभा, उघड्या तोंडाचा हवेचा पाईप टाकीच्या माथ्यापेक्षा उंच नेला.

आणि तिसरी जागा राहिली. मशीनला नळी जिथे आटे फिरवून बसते, तिथे आत बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते. पाणी बंद राहून पुन्हा आलं की पहिलं पाणी गढूळ, त्यातली माती टाकीच्या तळाला बसते, आणि टाकी तळाला गेली की तीच माती खाली उतरते. पक्कडीनं हलकेच धरून जाळी बाहेर काढली. चहाच्या गाळणीत पत्ती साठते तशी तपकिरी साय बसली होती. जुन्या टूथब्रशनं नळाखाली दोन मिनिटांत साफ झाली. व्हॉल्व्ह बदलणाऱ्यानं ही जाळी काढून पाहिली असती तर! असो. आता महिन्यातून एकदा मीच साफ करते, आणि कॉकच्या आधी एक छोटा जाळीचा फिल्टर बसवलाय.

नव्या लाईनीवर मोजलं तेव्हा लिटरला १२ सेकंद. शुक्रवारचं रडणं संपलं.

कमी दाबाचं एक लक्षण उलट दिशेचं असतं, ते सहसा कुणाला सुचत नाही. मशीन बंद असताना ड्रममध्ये थोडं थोडं पाणी साचतं. व्हॉल्व्हमधला रबरी पडदा पाण्याच्याच दाबानं घट्ट बसतो. दाब पुरेसा नसेल तर तो झिरपतो. तेव्हा व्हॉल्व्ह बदलण्याआधी दाब मोजा.

पंपाबद्दल. मशीन थेट गच्चीवरच्या खोलीत नेणार असाल तर उंचीचं गणित जवळजवळ शून्यावर येतं, तिथे प्रेशर पंप लागतोच. आमच्या शेजाऱ्यांनी तो बसवला आणि तो सुरूच होईना. त्यांचा पंप पाणी वाहू लागलं की आपोआप चालू होणाऱ्या जातीचा होता. टाकी आणि मशीन एका पातळीवर, पाणी आपणहून वाहतच नाही, मग पंपाला कळणार कसं? तिथे दाब घटला की चालू होणारा, सोबत छोटी प्रेशर टाकी असलेला पंप लागतो. त्याचा एक जाच आहे. घरात एखादा नळ ठिबकत असेल तर रात्रभर दर काही मिनिटांनी तो उठतो. आणि कुठलाही पंप महापालिकेच्या लाईनीला थेट लावू नका. ते बेकायदेशीर आहे, पंप जप्त होतो, आणि शेजाऱ्याच्या नळाला माती येते ती वेगळीच.

छतावरचा डाग

दोन दुखणी बरी झाली आणि तिसरं आम्ही नव्यानं पैदा केलं. मशीनखाली पाणी सांडलं तर जायला वाट हवी म्हणून बाल्कनीत नवा न्हाणी ट्रॅप बसवला होता, त्यासाठी स्लॅबला भोक. बाल्कनीच्या खाली आमचं वाढवलेलं स्वयंपाकघर. तीन आठवड्यांत गॅसच्या ओट्याच्या वर पापडाएवढा डाग.

पेन्सिलीनं डागाची कड आखली, शेजारी तारीख लिहिली. ही युक्ती नवऱ्याची, आणि या सगळ्या प्रकरणात त्याची हीच एक कामाला आली. डाग कधी वाढतो ते कळलं की अर्धा निकाल लागतो. रोज, मशीन लावा न लावा, सारखाच वाढत असेल तर भरलेली पाण्याची लाईन गळतेय, कारण तिच्यात दाब कायम असतो. धुण्याच्या दिवशीच वाढत असेल तर सांडपाण्याचा जोड किंवा मशीनची नळी. फरशी पुसली, पाऊस आत आला की वाढत असेल तर फरशी आणि भोक.

जोड कोरडे पुसून त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि मशीन लावलं. पावडर कोरडी राहिली, एकही ओघळ नाही. मशीन बंद ठेवून बाल्कनीच्या फरशीवर दोन बादल्या पाणी ओतलं, तर दुसऱ्या दिवशी डाग पेन्सिलीच्या बाहेर. पाईपभोवतीचं भोक नुसत्या पांढऱ्या सिमेंटनं बुजवलं होतं, वरून दिसायला छान. ते आकसतं आणि पाईपभोवती केसाएवढी फट राहते.

ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या उचलल्या. भोक न आकसणाऱ्या ग्राऊटनं ठासून भरलं, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारला आणि तोच लेप भिंतीवर फूटभर चढवला. फरश्या बसवण्याआधी ट्रॅपला बोळा लावून, दाराशी मातीचा बांध घालून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खाली छत कोरडं राहिलं, मगच फरश्या. गवंडी दोन दिवस थांबायला कुरकुर करतो. करू द्या.

भोक पाडायचंच असेल तर कोअर कटिंगच्या (गोल भोक कापणाऱ्या) मशीननं, छिन्नी-हातोड्यानं नाही, आणि बीमला तर हातही लावायचा नाही. आम्ही आधी इंजिनिअरला बोलावून जागा खुणेनं आखून घेतली. त्यानं दोन वितींवर सरकवली, कारण प्लंबरनं धरलेली जागा बीमच्या कडेवर होती.

मशीनच्या नळ्यांचंही पाहा. वरच्या मजल्यावर रबरी नळी फुटली तर पाणी जिन्यावरून उतरतं आणि छतातून गळतं, दोन्हीकडून. धुणं झालं की कॉक बंद करायची सवय लावली, नळ्या पाच वर्षांनी बदलायच्या असं कॅलेंडरवर टाकलं.

किरकोळ

मशीन वर चढवताना ड्रम अडकवणारे प्रवासाचे बोल्ट परत लावा. आमच्याकडे ते माळ्यावर सापडले. आणि वर नेल्यावर काढायला विसरू नका, नाहीतर पिळताना मशीन बाल्कनीभर नाचतं. पाय लेव्हलवर बसवा. वीज १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच.

फ्लॅटवाल्यांसाठी एवढंच: ड्राय बाल्कनीत मशीन नेताना सांडपाणी कुठल्या पाईपला जातंय ते खाली उतरून बघा. बाल्कनीतली बरीच तोंडं पावसाच्या पाण्याच्या पाईपला जोडलेली असतात. त्यात मशीनचं पाणी सोडलं की फेस पार्किंगमध्ये उगवतो, आणि साबणाचं पाणी पावसाळी गटारातून नाल्याला जातं. सोसायटीची लेखी परवानगी घ्या. खालच्या मजल्यावरच्यांना काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा, त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा.

सध्या एकच गोष्ट उरलीय. दिवाळीत आम्ही तीन आठवडे गावी होतो. परत आल्यावर बाल्कनीत पुन्हा तोच कुबट वास, आणि माझ्या पोटात गोळा. जाळी काढून पाहिलं तर ट्रॅप कोरडा ठणठणीत, आतलं पाणी उडून गेलेलं. दोन मग पाणी न्हाणी ट्रॅपमध्ये ओतलं, एक उभ्या पाईपमध्ये. संध्याकाळपर्यंत वास गेला. खालून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं, फेस का?"